संगणकाचे झाकण उघडण्याचा हक्क

प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीत, चाळीत किंवा कचेरीत ‘संगणकातले कळते’ अशी ख्याती असलेला एक तरी गृहस्थ असतो. व्यवसायाने तो बँकेत कारकून असेल, शाळेत विज्ञान शिकवत असेल किंवा निवृत्त अभियंता असेल. पण शेजारच्या घरातला संगणक सुरू होईनासा झाला, की पहिली हाक त्यालाच जाते. त्याच्या पिशवीतील सामग्रीही ठरलेली असते. एक-दोन स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा मऊ ब्रश, शाळकरी मुलाचे खोडरबर, नाण्याच्या आकाराचे दोन सेल आणि वेगवेगळ्या चिठ्ठ्या चिकटवलेले तीन-चार पेनड्राइव्ह. एवढ्या भांडवलावर तो घरगुती संगणकाच्या बहुतेक नेहमीच्या दुखण्यांना उतार पाडतो, आणि मोबदल्यात चहाचा कप घेऊन घरी परततो.

या हौशी दुरुस्त्यांकडे बहुतेक जण रिकामपणचा उद्योग म्हणून पाहतात. परंतु त्यांच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. आपण पैसे मोजून घेतलेले यंत्र उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि सुधारण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही? मुक्त सॉफ्टवेअरची जगभर पसरलेली चळवळ याच प्रश्नातून उभी राहिली, आणि तिच्या जन्मकथेतही एक अडलेला प्रिंटर आहे. ती कथा पाहण्यापूर्वी पिशवीतील वस्तूंचे काम समजून घेणे उपयुक्त ठरेल.

खोडरबर आणि नाण्याएवढा सेल

बटण दाबले, पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच राहिला आणि आतून ‘बीप-बीप’ असा आवाज आला, तर पहिला संशय रॅमवर घ्यावा. रॅमची पट्टी मदरबोर्डवरील खाचेत बसते आणि तिच्या कडेला असलेल्या सोनेरी मुलाम्याच्या संपर्कपट्ट्यांतून माहितीची ये-जा होते. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत या पट्ट्यांवर आणि खाचेत सूक्ष्म मळ साचतो. संपर्क तुटला, की सुरुवातीच्या तपासणीतच यंत्र अडते आणि पडद्यावर काही दाखवता येत नसल्यामुळे आवाजाने तक्रार करते. वीजपुरवठ्याची वायर काढून, बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. मग पट्टी काढून संपर्कांवरून खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवावे, त्याचा भुगा ब्रशने झटकावा आणि पट्टी दोन्ही बाजूंनी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवावी. ‘मदरबोर्ड गेला’ असे निदान झालेले कित्येक संगणक एवढ्यावर पुन्हा चालू लागतात.

दुसरे दुखणे अधिक फसवे आहे. संगणक सुरू होतो, इंटरनेटही जोडलेले दिसते, पण बँकेचे किंवा ई-मेलचे एकही संकेतस्थळ उघडत नाही. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा मात्र येतो. घरातील माणसे इंटरनेट कंपनीला फोन लावत बसतात. जाणकाराची नजर पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेकडे जाते. तेथे पाच-दहा वर्षांपूर्वीची तारीख दिसते. सुरक्षित संकेतस्थळांच्या ओळखप्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. संगणकाच्या दृष्टीने वर्ष जुने असेल, तर ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही, असा त्याचा समज होतो आणि ब्राउझर दार बंद करतो. घड्याळ मागे जाण्याचे कारण म्हणजे मदरबोर्डवरील ‘सीआर-२०३२’ हा तीन व्होल्टचा सेल. वीज बंद असताना घड्याळ चालते ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो. नवा सेल किरकोळ किमतीत मिळतो आणि बदलायला दोन मिनिटे लागतात.

धूळ, उष्णता आणि फिरणारी तबकडी

‘संगणक फार हळू झाला आहे’ ही सर्वांत सार्वत्रिक तक्रार. तिची कारणे बहुधा दोन असतात. पहिले उष्णतेचे. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला, की स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग कमी करतो, आणि तरीही ताप उतरला नाही तर यंत्र एकाएकी बंद पडते. पंख्याच्या पात्यांवर व उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा थर बसला, किंवा प्रोसेसर आणि त्यावरील धातूचा ठोकळा यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळून गेली, की असे घडते. धूळ ब्रशने काढून नवी पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी लावली, की तोच संगणक पुन्हा उत्साहाने काम करू लागतो.

दुसरे कारण हार्ड डिस्कचे. तिच्या आत मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांवरून एक सूक्ष्म टोक सरकत राहते. हव्या त्या जागी पोहोचायला त्याला साधारण १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर फेऱ्या. आजच्या सॉफ्टवेअरला सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचायच्या असतात, म्हणून वाट पाहावी लागते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, त्यामुळे हीच कामे ती अनेक पटींनी लवकर करते. दहा वर्षांच्या जुन्या संगणकात हार्ड डिस्कऐवजी साधी एसएसडी बसवणे, ही खर्चाच्या मानाने सर्वाधिक फळ देणारी दुरुस्ती होय.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. संगणकाला वीज पुरवणारा बंद डबा, म्हणजे एसएमपीएस, घरी उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली असते. तसेच फुगलेली लॅपटॉपची बॅटरी टोचू किंवा दाबू नये. ती तात्काळ वापरातून काढून जाणत्या हाती सोपवावी. हौसेला मर्यादा असणे हेही शहाणपणच.

चिठ्ठ्या लावलेले पेनड्राइव्ह

पिशवीतील खरी जादू पेनड्राइव्हमध्ये असते. एकावर लिनक्सची एखादी चालती आवृत्ती उतरवलेली असते, उदाहरणार्थ उबुंटू किंवा लिनक्स मिंट. संगणक सुरू करताना एफ-१२ किंवा तशीच नेमून दिलेली कळ दाबली, की यंत्र आतील डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून सुरू होते. समोर पूर्ण कार्यप्रणाली येते: ब्राउझर, फायली पाहण्याची सोय, चित्रे उघडण्याची सोय. यातून दोन गोष्टी साधतात. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरळीत चालले, तर बिघाड डिस्कमध्ये किंवा तिच्यावरील सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे जवळपास सिद्ध होते. आणि विंडोज सुरू होत नसली, तरी डिस्क जिवंत असल्यास मुलांचे फोटो, प्रबंधाचा मसुदा किंवा दुकानाचा हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतो.

डिस्क मरणपंथाला लागली असेल, तर मात्र घाई घातक ठरते. ‘कट्-कट्’ असा आवाज येऊ लागला, की संगणक ताबडतोब बंद करावा. प्रत्येक नवा प्रयत्न उरलेल्या भागाला इजा करतो. माहिती अमूल्य असेल, तर अशी डिस्क थेट व्यावसायिक तज्ज्ञाकडे न्यावी. आवाज नसेल आणि केवळ काही भाग वाचता येत नसेल, तर ‘डीडीरेस्क्यू’ हे मुक्त साधन कामी येते. ते आधी सुस्थितीतील भागांची प्रत करून घेते, अडणारे भाग शेवटी ठेवते आणि कोठपर्यंत काम झाले याची नोंद राखते, जेणेकरून मध्येच थांबले तरी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही.

चुकून पुसलेल्या फोटोंची गोष्ट वेगळी. फाइल पुसली म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेतील तिची नोंद जाते; मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. ‘फोटोरेक’ हे साधन अनुक्रमणिकेकडे दुर्लक्ष करून सारी डिस्क किंवा कॅमेऱ्याचे कार्ड चाळते आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या आरंभी असणाऱ्या ठरावीक खुणांवरून फोटो ओळखून बाहेर काढते. म्हणूनच फोटो पुसले गेल्याचे लक्षात येताच त्या कार्डावर नवे काहीही घेऊ नये. एसएसडीवर ही आशा फारशी उरत नाही, कारण पुसलेल्या जागा ती स्वतःहूनच रिकाम्या करून टाकते. वेग देणारी वस्तू येथे माफी देत नाही.

या साऱ्या साधनांत एक समान धागा आहे. लिनक्स, डीडीरेस्क्यू, फोटोरेक ही सर्व मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ती कोणीही उतरवून घ्यावीत, कितीही संगणकांवर वापरावीत, शेजाऱ्याला द्यावीत आणि जमत असेल तर सुधारावीत, अशी त्यांच्या कर्त्यांचीच परवानगी आहे.

एका प्रिंटरची गोष्ट

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून एक नवा लेझर प्रिंटर मिळाला. त्यात कागद वरचेवर अडकत असे. प्रयोगशाळेतील प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या बाबतीत यावर एक साधी तोड काढली होती. कागद अडकला, की छपाईची वाट पाहणाऱ्या सर्वांच्या पडद्यावर तसा संदेश जाई आणि कोणीतरी उठून तो सोडवी. नव्या प्रिंटरसाठी त्यांना तेच करायचे होते. परंतु त्याच्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला, वाचता आणि बदलता येण्याजोगा मजकूर, कंपनीने दिलाच नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती असल्याचे कळल्यावर स्टॉलमन तेथे गेले. गुप्ततेच्या कराराने बांधलेल्या त्या संशोधकाने नकार दिला.

प्रसंग लहानसा, परंतु दुरुस्ती करण्याची कुवत आणि इच्छा दोन्ही असताना केवळ मनाई आहे म्हणून हात बांधले जातात, ही बोच स्टॉलमन यांच्या मनात राहिली. १९८३ च्या सप्टेंबरात त्यांनी ‘ग्नू’ या संपूर्ण मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले आणि १९८९ मध्ये ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना आला. या परवान्यातील मेख अशी, की सॉफ्टवेअर बदलून पुढे देणाऱ्याने पुढच्यालाही तेच हक्क दिले पाहिजेत. आपण घेतलेले स्वातंत्र्य दुसऱ्याला नाकारता येत नाही.

पुढचा अध्याय फिनलंडमधील. हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, आणि ती काही फार मोठी होणार नाही, असेही नम्रपणे कळवले. पुढच्या वर्षी त्याने तिला स्टॉलमन यांचाच परवाना लावला. आज इंटरनेटवरील बहुसंख्य सर्व्हर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनचा गाभा त्याच लिनक्सचा आहे.

मुक्त आणि फुकट

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ असल्यामुळे या चळवळीच्या पुरस्कर्त्यांना आयुष्यभर खुलासे करावे लागले. मराठीत ही अडचण नाही. ‘मुक्त’ वेगळे आणि ‘फुकट’ वेगळे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. मुक्त सॉफ्टवेअर बहुधा पैसे न देता मिळते हे खरे. पण ते विकायलाही बंदी नाही. उलट फुकट मिळणारे कितीतरी मोबाइल अ‍ॅप मुळीच मुक्त नसतात. आत काय चालले आहे हे पाहण्याची त्यांच्यात सोय नसते.

या फरकाचे व्यवहारातील मोल लिबरऑफिसच्या इतिहासात दिसते. स्टारऑफिस हे जर्मन कंपनीचे उत्पादन १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि २००० मध्ये त्याची संहिता ‘ओपनऑफिस’ या नावाने खुली केली. २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली. नव्या मालकाच्या धोरणाबद्दल साशंक असलेल्या अनेक विकासकांनी त्याच वर्षी सप्टेंबरात ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ स्थापन करून तीच संहिता ‘लिबरऑफिस’ या नावाने पुढे नेली. मालक बदलला, पण वापरणाऱ्यांचे काम अडले नाही. बंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत कंपनीने गाशा गुंडाळला, की ग्राहकाच्या हाती फक्त न उघडणाऱ्या फायली उरतात.

भारतातील हौशींच्या एका पिढीला मुक्त सॉफ्टवेअरची ओळख टपालाने झाली. २००५ ते २०११ या काळात मागणी नोंदवली, की उबुंटूची सीडी परदेशातून घरपोच येत असे, आणि तीही विनामूल्य. मंद इंटरनेटच्या त्या दिवसांत सातशे एमबी उतरवणे घरगुती ग्राहकाच्या आवाक्याबाहेर असताना, या पाकिटांचे अप्रूप मोठे होते. त्याच काळात चोरट्या प्रतींचा सुळसुळाट होता. विंडोजची किंमत परवडत नाही, म्हणून नाक्यावरच्या दुकानातून प्रत घ्यायची आणि तिच्याबरोबर व्हायरसही घ्यायचा, हा रिवाज होता. त्याला सन्मानाचा पर्याय या सीडींनी दाखवला.

मराठीची दुखणी, मराठीचे उपाय

मराठी घरातील हौशी दुरुस्तीकाराकडे येणारी एक तक्रार इतरत्र क्वचित ऐकू येते: जुनी फाइल उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक फाँटनिर्मात्याने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने देवनागरी आकार बसवले होते. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असे. फाँट फक्त मुखवटा चढवी. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडे. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली, तरी जुन्या फाँटमधील मजकूर अद्याप असंख्य कपाटांतील सीडींवर पडून आहे. त्या-त्या फाँटसाठी केलेल्या परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र रफार आणि पहिली वेलांटी तपासून घ्यावी लागते. कारण जुन्या पद्धतीत ती चिन्हे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नव्हे.

युनिकोडमध्येही एक मराठी खाचखळगा आहे. ‘सुधारणाऱ्या’सारख्या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एकात त्यासाठी वेगळा ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, परंतु शोध घेताना संगणक त्यांना भिन्न समजतो. त्यामुळे समोर दिसत असलेला शब्द ‘सापडत नाही’. लिबरऑफिसमधील ‘शोधा व बदला’ वापरून सारा मजकूर एकाच पद्धतीत आणणे, हा त्यावरील सोपा उपाय. ‘लोहित’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्ता’ यांसारखे मुक्त परवान्याचे फाँट वापरले, तर फाइल पाठवताना समोरच्याकडे फाँट असेल का, ही चिंताही राहत नाही. तो सोबत देता येतो.

अर्ध्या सेकंदाची दक्षता

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे सर्व दुखण्यांवरचे रामबाण औषध नव्हे. काही वाय-फाय चिप आणि प्रिंटर लिनक्सला दाद देत नाहीत. हिशेबाची प्रचलित पॅकेजे, छपाई व्यवसायातील सॉफ्टवेअर किंवा डिजिटल स्वाक्षरीची काही साधने विंडोजवरच अवलंबून आहेत. ज्याचे पोट या गोष्टींवर आहे, त्याच्या संगणकावर न विचारता लिनक्स चढवणे हा अपराधच ठरेल. पेनड्राइव्हवरून चालवून, सर्व साधने चालतात की नाही हे पाहिल्यानंतरच निर्णय घ्यावा.

त्याहून गंभीर प्रश्न ही सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसांचा आहे. ‘एक्सझेड’ ही फायली आवळून ठेवणारी छोटी प्रणाली जगभरातील असंख्य लिनक्स यंत्रांत असते. ती वर्षानुवर्षे मुख्यतः एक जण विनावेतन सांभाळत होता. थकलेल्या या माणसाचा विश्वास एका अनोळखी मदतनिसाने दोन-अडीच वर्षे चांगले काम करून संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभी तिच्यात चोरदरवाजा बसवला. तो उघडकीस आणला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. चाचण्या करताना दूरच्या यंत्रावर प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढ्याच विसंगतीवरून त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. बहुतेक सर्व्हरवर ती आवृत्ती पोहोचण्याआधीच अनर्थ टळला. खुल्या व्यवस्थेची दुबळी बाजू आणि तिचे सामर्थ्य या एकाच प्रसंगात दिसते. फुकट मिळालेल्या वस्तूमागे कोणाचे तरी न मोजलेले श्रम असतात, आणि संहिता खुली असल्यामुळेच शंकेखोर माणसाला शेवटपर्यंत जाता येते.

जुने यंत्र, नवा निर्णय

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सुरक्षा-आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे यंत्र धडधाकट, पण ‘अपात्र’, अशी लाखो घरगुती संगणकांची अवस्था झाली. वाढीव मुदतीची तात्पुरती सोय मायक्रोसॉफ्टने दिली असली, तरी नवे यंत्र घ्यावे की जुने भंगारात द्यावे, हा प्रश्न घराघरांत आला. तिसरा मार्ग हौशी दुरुस्तीकाराच्या पिशवीत आहे. धूळ काढावी, एसएसडी बसवावी, लिनक्स चढवावे. पत्रव्यवहार, इंटरनेट, चित्रपट आणि मुलांचा अभ्यास यांसाठी ते यंत्र आणखी काही वर्षे सहज चालते. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली, हे या विचाराला आलेल्या महत्त्वाचेच लक्षण.

ज्यांना आरंभ करायचा आहे, त्यांनी प्रथम आपल्या महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि आणखी एक घराबाहेर कोठेतरी ठेवावी. त्यानंतर अडगळीतला एखादा जुना संगणक घेऊन त्याचे झाकण उघडावे, कोणता भाग कोठे आहे ते ओळखावे आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावे. मोडण्याची भीती नसलेल्या यंत्रावर जे शिकता येते, ते कोणत्याही वर्गात मिळत नाही. आणि पुढच्या खेपेस शेजारच्या घरातून हाक आली, तर दुरुस्ती करून देण्याबरोबरच बिघाड कशामुळे झाला तेही सांगावे. यंत्र बंद करून देणाऱ्यापेक्षा ते उघडून समजावणारा शेजारी अधिक उपयोगाचा.